अपुऱ्या दिवसांची

‘दिवस भरणे’ हा वाक्प्रचार आपण दोन ठिकाणी वापरतो. बाईचे दिवस भरले म्हणजे बाळ यायची वेळ झाली आणि एखाद्याचे दिवस भरले म्हणजे त्याचं आटोपलं. १९८४ साली मी जन्मले तेव्हा पहिल्या अर्थाने दिवस भरले नव्हते आणि दुसऱ्या अर्थाने ते भरलेतच, असं घरातले बहुतेक जण धरून चालले होते. अठ्ठाविसावा आठवडा, वजन ११२० ग्रॅम.

आमच्या घरात या गोष्टीची एक ठरलेली मांडणी आहे. काचेची पेटी, नाकातली नळी, ‘तळहातावर मावत होतीस गं’, आणि मग बावन्नाव्या दिवशी घरी आणलं. गोष्ट तिथे संपते. सांगणारा कुणीही असो, शेवट तोच: ‘आणि आता बघा, कुणाला सांगून खरं वाटेल का?’ यावर मी हसायचं असतं. चाळिशीपर्यंत मी मनापासून हसत होते. माझ्या जन्माची गोष्ट बावन्नाव्या दिवशी संपली, हे मलाही पटलेलं होतं.

चष्मा तिसऱ्या वर्षी लागला. शाळेत जायला लागले तेव्हा उजव्या डोळ्याचा नंबर मायनस आठ होता. आज तो मायनस अकरा आहे आणि डाव्याचा मायनस नऊ. शाळेत मी ‘ढापणी’ होते आणि ज्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं त्यांच्यासाठी ‘चकणी’. घरात कुणाला एवढा मोठा नंबर नव्हता. आई म्हणायची, फार वाचते म्हणून. आजी म्हणायची, दृष्ट लागली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणायचे, ‘मायोपिया, आनुवंशिक असतो बऱ्याचदा’ आणि नवा नंबर लिहून द्यायचे. चोविसाव्या वर्षी लेझरने नंबर घालवायचं डोक्यात आलं. तिथे दोन तास वेगवेगळ्या यंत्रांपुढे बसवलं आणि नंतर सांगितलं की, नंबर फार आहे, आम्ही सुचवणार नाही. त्या दोन तासांत मला दोनशे गोष्टी विचारल्या असतील. तुमचा जन्म वेळेवर झाला होता का, एवढं एक कुणी विचारलं नाही.

या सगळ्यात माझा एक फायदा झाला. मी मुद्रितशोधन करते. मायनस अकराचा डोळा चष्म्याशिवाय नऊ सेंटिमीटरवर स्वच्छ बघतो, त्यापुढे धुकं. पण त्या नऊ सेंटिमीटरमध्ये माझ्या नजरेतून हरवलेला अनुस्वार सुटत नाही. कागद नाकाला लावून वाचणाऱ्या बाईला बघून नवे लोक दचकतात, जुने लोक मुद्दाम अवघड मजकूर माझ्याकडे पाठवतात. रात्री अंथरुणावर पालथं पडायचं, चष्मा काढून ठेवायचा, बाजूला मंद दिवा आणि समोर प्रुफं. वीस वर्षं मी असंच काम केलं.

हे पालथं पडणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अडतिसाव्या वर्षी डोकेदुखी सुरू झाली. उजव्या भुवईच्या वर, रात्री दहा-अकराला. मळमळ व्हायची, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसायची, झोपलं की सकाळी सगळं साफ. मायग्रेन, असं निदान झालं. त्याच्या गोळ्या दीड वर्षं घेतल्या. एकदा सर्दीवरची गोळी घेतली आणि त्या रात्री दुखणं एवढं वाढलं की, डोळा गोटीसारखा कडक लागत होता, पण तेही मी मायग्रेनच्याच खात्यात टाकलं. रिकामं खातं असलं की त्यात काहीही जमा करता येतं.

शेवटी चष्मा बदलायच्या निमित्ताने एका नव्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांच्या मदतनिसाने बाहुली मोठी करायचे थेंब हातात घेतले होते, माझी मान मागे होती, आणि बाई पलीकडून म्हणाल्या, ‘थांब, टाकू नकोस.’ त्यांनी एक साधी टॉर्च घेतली, माझ्या कानाच्या बाजूने आडवी धरली आणि डोळ्याकडे बघत राहिल्या. निरोगी डोळ्यात असा आडवा उजेड टाकला की बुबुळाचा सगळा रंगीत भाग उजळतो. माझ्या डोळ्यात नाकाकडची अर्धी बाजू सावलीत राहिली. म्हणजे तो रंगीत पडदा पुढे फुगलेला होता आणि उजेडाला आडवा येत होता.

‘मायनस अकराच्या डोळ्यात हे असं दिसायला नको,’ त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग मला विचारलं, ‘तुमचा जन्म कितव्या महिन्यात झाला?’

एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कानावर पडत होता. मी म्हटलं, सातवा संपत होता. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहून घेतलं.

त्यांचं म्हणणं मला जसं कळलं तसं सांगते. जास्त मायनस नंबर म्हणजे साधारणपणे डोळा लांब झालेला असतो. लांब डोळ्यात पुढची जागाही ऐसपैस असते, त्यामुळे अशा लोकांना अरुंद कोनाचा काचबिंदू, म्हणजे पाणी तुंबून डोळ्यातला दाब वाढण्याचा आजार, सहसा होत नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा मायनस नंबर वेगळ्या वाटेने येतो. त्यांच्या डोळ्याचा पुढचा भाग पुरता वाढतच नाही. जन्माआधीची ठेवण तशीच राहते. बुबुळाची काच जास्त वाकडी, आतलं भिंग जाड आणि पुढे सरकलेलं, मधली पोकळी उथळ. प्रकाश जास्त वाकतो तो या वाकडेपणामुळे आणि जाडीमुळे, लांबीमुळे तेवढा नाही. म्हणजे नंबर लांब डोळ्याचा आणि पुढची खोली आखूड डोळ्याची. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर झिरपतं तो कोपरा, काच आणि रंगीत पडदा यांच्यामधला, माझ्या डोळ्यात फटीएवढा होता.

मग त्यांनी विचारलं, रात्री वाचता कशा? मी पालथं पडून दाखवायचंच बाकी ठेवलं. मंद दिव्यात बाहुली मोठी होते, पालथं पडल्यावर जाड भिंग आपल्याच वजनाने आणखी पुढे येतं, फट बंद, पाणी तुंबतं, दाब चढतो. पूर्वी हा आजार ओळखण्यासाठी डॉक्टर मुद्दाम रुग्णाला अंधाऱ्या खोलीत पालथं बसवून आधीचा आणि नंतरचा दाब मोजत असत. मी ती चाचणी वीस वर्षं घरी रोज करत होते, मोजायला कुणी नव्हतं एवढंच. सर्दीच्या गोळीचाही उलगडा झाला. अशा बऱ्याच गोळ्यांमध्ये बाहुली मोठी करणारे घटक असतात. पाकिटावर काचबिंदूची बारीक सूचना छापलेली असते. बारीक अक्षर वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण स्वतःला काचबिंदूवाली समजत नसल्यामुळे ती ओळ माझ्यासाठी नव्हती.

दोन्ही डोळ्यांच्या रंगीत पडद्याला लेझरने एकेक बारीक छिद्र पाडलं. टिचकी मारल्यासारखं वाटतं, दहा मिनिटांचं काम. पाण्याला दुसरी वाट मिळाली आणि डोकेदुखी गेली. मायग्रेनच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट अजून खणात आहे.

खरी गोष्ट मात्र त्यानंतर पंधरा दिवसांनी कळली, छिद्रं भरवशाची झाल्यावर, बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा तपासला तेव्हा. डॉक्टरबाई पडद्याच्या कडा बघत होत्या. डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, पापणीवरून एका बोथट काडीने डोळा दाबत, वर बघा, खाली बघा, कोपऱ्यात बघा. हे सुखाचं नसतं. बराच वेळ झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला लहानपणी आरओपी होऊन गेलाय. आपोआप बसला. पण खुणा आहेत.’

आरओपी म्हणजे रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यात मज्जातंतूपाशी उगवतात आणि वेल भिंतीवर चढावी तशा कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड गाठायला छत्तिसावा आठवडा उजाडतो, कानाकडची त्याहून लांब, म्हणून तिथे पोचेपर्यंत जवळजवळ चाळिसावा. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाहेर आलेल्या बाळाचा वेल अर्ध्या भिंतीवर असतो. बाहेरच्या हवेत, आणि नळीतून मिळणाऱ्या प्राणवायूत, गर्भापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन. त्यामुळे वेल वाढायचा थांबतो. पुढे काही आठवड्यांनी पडदा वाढतो, त्याची भूक वाढते, रक्त पुरत नाही, मग तो मदतीच्या हाका मारतो आणि रक्तवाहिन्या भलत्याच जागी, भलत्याच जोमाने फुटतात. पुष्कळ बाळांत हे आपोआप निवतं. काहींत त्याचा व्रण होतो आणि व्रण आकसला की तो पडद्याला ओढतो. पूर्ण ओढला गेला तर पडदा सुटतो आणि दृष्टी जाते. माझ्यात व्रण थोडा आकसला आणि तिथेच थांबला.

माझ्या जन्माच्या वर्षीच, १९८४ मध्ये, या आजाराच्या पायऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पहिल्यांदा छापून आलं. पडद्याच्या कडा गोठवून तो वाचवता येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं १९८८ साली. तेव्हा मी चार वर्षांची, चष्मा सांभाळत पळणारी. आता अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत तपासायचे असतात, गरज पडली तर लेझर करतात किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात. माझ्या वेळी कुणी माझ्या डोळ्यांत डोकावलं नाही, याबद्दल कुणावर राग धरण्यात अर्थ नाही; डोकावून करायचं काय, हेच अजून ठरत होतं.

खुणांपैकी एका खुणेने मला हसावं की रडावं, असं झालं. त्या आकसलेल्या व्रणाने उजव्या डोळ्यातला नजरेचा मध्यबिंदू कानाच्या बाजूला ओढून नेलाय. समोरची वस्तू त्या बिंदूवर पाडायची तर डोळ्याला थोडं बाहेर वळावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं, ही तिरळी. डॉक्टरबाईंनी एक डोळा झाकला, उघडला, दुसरा झाकला. डोळा हलला नाही. म्हणजे तिरळेपणा नाहीच, डोळा नेमका जिथे बघायला हवं तिथेच बघतोय. दहा वर्षं मला ‘चकणी’ म्हणणाऱ्या वर्गाला मी नीट, सरळ, अगदी अचूक बघत होते. (त्यातले दोघे आजही संपर्कात आहेत. त्यांना कळवलं. एकाने अंगठा पाठवला.)

दुसरी खूण हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पडद्याच्या कडेला, जिथे वेल नीट पोचलाच नव्हता, तिथे पडदा विरलेला होता आणि डाव्या डोळ्यात दोन भोकं पडली होती. जुन्या कापडाला घडीवर पडतात तशी. लेझरने त्यांच्याभोवती टाके घालावेत तसे ठिपके मारून घेतले. आरओपी बरा झालेल्या लोकांचा पडदा विशी, तिशी, चाळिशीतही सुटू शकतो, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यासमोर विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर सकाळची वाट बघायची नाही. हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवलंय, कारण मी सहन करत बसणारी बाई आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या दिवसापासून दोन-तीन महिने मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. आणि वाचता वाचता माझ्या सवयींची, लाजेची, आळसाची म्हणून जी यादी मी बाळगून होते, तिच्यातली एकेक गोष्ट मला छापील दिसायला लागली. जिना उतरताना कठडा सोडत नाही. भरलेल्या कपाटात समोरची फाईल सापडत नाही, पण तीच फाईल रिकाम्या टेबलावर ठेवा, लगेच दिसते. गर्दीत ओळखीचा चेहरा हातभर अंतरावरून जातो आणि मला कळत नाही. लोक म्हणतात, शिष्ट आहे. अशा गोष्टींचा दोष दर वेळी डोळ्याकडे नसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या कडेने जाणारे तंतू नाजूक असतात; तिथे इजा झाली तर डोळा बघतो, पण दिसलेल्याची निवड करायला मेंदूला कष्ट पडतात. माझ्या बाबतीत तसंच आहे, असं कुणी ठामपणे सांगितलेलं नाही. पण मी प्रुफं वाचताना पहिल्यापासून एक काळं पुठ्ठ्याचं कार्ड वापरते, त्यात एका ओळीची खाच आहे. बाकी सगळं पान झाकून टाकते. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती.

जर्मनीत माइन्ट्सला एक पाहणी झाली आहे, त्यात १८ ते ५२ वयाच्या, अपुऱ्या दिवसांच्या माणसांचे डोळे मोजले. मुलांचे नव्हे, माणसांचे. चष्म्याचा नंबर, तिरळेपणा, काचेचा बाक, पडद्याच्या मध्याची ठेवण, सगळ्यात फरक सापडले. आणि ज्यांना आरओपी होऊन गेला त्यांच्यात जास्त. ते वाचताना मला गहिवरून आलं. डोळ्यांच्या मोजमापांचे तक्ते वाचून गहिवरणारी बाई घरच्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

डोळ्यांवरच थांबले असते तर बरं होतं. पण प्रुफं वाचणाऱ्याला एक चूक सापडली की मागची पानं उलटायची खोड असते.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात, नेफ्रॉन. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या घरात, पण माणसागणिक फार फरक. त्यातल्या निम्म्याहून अधिक गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास कारखाना बंद होतो. नंतर एकही नवी बनत नाही. आधी बाहेर आलेल्या बाळात हे काम बाहेर आल्यावर थोडे दिवस चालतं आणि थांबतं. जेवढ्या झाल्या तेवढ्यांवर जन्म काढायचा. गाळण्या कमी म्हणजे प्रत्येकीवर भार जास्त, आणि पुढे रक्तदाब, ही कल्पना ब्रेनर या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञांनी १९८८ मध्ये मांडली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ साली अपुऱ्या दिवसांच्या तरुण माणसांच्या हृदयाच्या प्रतिमा घेतल्या. डावा कप्पा आखूड आणि त्याच्या भिंती जड निघाल्या. इन्सुलिनला शरीर कमी दाद देतं, असंही दिसलंय. फुप्फुसांचं तर सांगायलाच नको. नळ्यांवर वाढलेल्या फुप्फुसांच्या जखमांना १९६७ मध्येच नाव मिळालं होतं.

माझा रक्तदाब तिशीपासूनच १४५-९५च्या आसपास निघायचा. ‘दवाखान्यात आलं की वाढतो काहींचा,’ असं म्हणून तो सोडून दिला जायचा. मी यंत्र विकत आणून महिनाभर घरी मोजला. घरीही तेवढाच. लघवीतून थोडं प्रथिन जात होतं. वही घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि वर ठळक लिहिलं: जन्म २८ आठवडे, ११२० ग्रॅम. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत घातला. ‘हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत?’ भला माणूस आहे, म्हणून मी ‘तुम्ही कधी विचारलं नाहीत’ हे गिळलं. एक गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, आता दाब १२४ च्या पुढे जात नाही. फुंकणीत फुंकायची चाचणीही केली. फुप्फुसांची ताकद माझ्या वयाच्या बाईपेक्षा कमी आली, पण रोजच्या चालण्याला पुरेशी. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत दर वर्षी शेवटची का यायचे, याचं उत्तर त्या आलेखात होतं. मी तो आलेख जपून ठेवलाय, थोड्या सूडबुद्धीने.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणा नव्या आईची झोप उडेल. हे सगळं सगळ्यांना होत नाही. जगात दर दहा बाळांतलं एक सदतिसाव्या आठवड्याआधी येतं, २०२० साली अशी साधारण १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, आणि त्यातली बहुतेक जन्मतात ती बत्तिसाव्या आठवड्यानंतर. जितकं लवकर, तितकी जोखीम जास्त. मला या माहितीची भीती वाटली नाही, उलट हायसं वाटलं. आळशी, शिष्ट, चकणी आणि ‘काळजी फार करते’ या चार शिक्क्यांऐवजी एक आकडा मिळाला, २८.

आईला हे सगळं मी फोनवर सांगितलं. अति उत्साहात, ऑक्सिजनचं सुद्धा.

ती बोलायची थांबली. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, ‘ठेवते, दूध ओतू जाईल.’ चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी मीच गेले, तेव्हा म्हणाली, ‘एकोणीस दिवस होता तुला ऑक्सिजन. मधे एकदा त्यांनी कमी केला होता. तू निळी पडलीस. मी आरडाओरडा करून वाढवायला लावला. मीच.’

हिला काय सांगावं? मी तिला इतिहास सांगत बसले, कारण मला तेवढंच येतं. सांगितलं की १९४२ मध्ये बॉस्टनच्या टेरी नावाच्या डॉक्टरांना अशा बाळांच्या भिंगामागे पांढरा व्रण दिसला. दहा-बारा वर्षांत जगभर दहा हजारांच्या आसपास मुलं अशी आंधळी झाली. गायक स्टीव्ही वंडर त्यातलाच, १९५० चा. कारण कुणाला कळेना, कारण ही मुलं चांगल्यात चांगल्या दवाखान्यांतली होती, जिथे पेट्या नव्या होत्या आणि ऑक्सिजन सढळ होता. १९५१ साली मेलबर्नच्या डॉक्टर केट कँपबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, १९५४ पर्यंत अमेरिकेतल्या चाचणीने ते खरं ठरवलं. मग सगळ्यांनी ऑक्सिजन आवळला. डोळे वाचले. पण मग बाळं मरायला लागली आणि वाचलेल्यांत हातापायांचा ताठरपणा, लुळेपणा वाढला.

‘मग किती द्यायचा?’ आईने विचारलं.

मी म्हटलं, २०१० मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. एका गटाला थोडा कमी, एका गटाला थोडा जास्त. कमीवाल्यांत डोळ्यांचा त्रास निम्म्यावर आला, पण मृत्यू वाढले. शंभरात वीस विरुद्ध सोळा. इतकी यंत्रं, इतकी माणसं, आणि रेघ एवढी बारीक. तुझ्याजवळ १९८४ साली काय होतं? बाळाचा रंग.

ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. थोड्या वेळाने उठली, कपाटातून माझ्या गुणपत्रिकांची पिशवी काढली आणि तळाचा एक पिवळा पुठ्ठा पुढे केला. दवाखान्यातून घरी सोडतानाचं कार्ड. मी ते कधी पाहिलं नव्हतं. असं काही आहे, हेच माहीत नव्हतं. वजनाचे आकडे रोजचे, निळ्या शाईत. ११२०, १०६०, १०१०. दहाव्या दिवशी ९८०, आणि त्याच्यापुढे कुणीतरी, बहुधा एखाद्या परिचारिकेने, पेन्सिलीने बारीक बाण काढलाय, वरच्या दिशेने. त्यानंतरचा आकडा ९९५. ऑक्सिजनच्या रकान्यात एकोणीस खुणा, बाराव्या खुणेभोवती गोल.

‘हा तो दिवस,’ आई म्हणाली.

मी चष्मा काढला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. नऊ सेंटिमीटर. त्या गोलाच्या शेजारी अक्षर इतकं बारीक होतं की, आईने चाळीस वर्षं ते टिंब समजून सोडलं होतं. ‘आईच्या सांगण्यावरून नव्हे. रंग पाहून वाढवला.’ खाली सही, न लागणारी.

मी तिला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं. मागच्या बाजूला शाईत उठवलेलं एक पाऊल, माझ्या अंगठ्याएवढं, टाचेवर सुया टोचल्याचे तीन पांढरे ठिपके राहिलेले. ते ठिपके माझ्या टाचेवर अजून आहेत, मला वाटायचं, लहानपणी काही चावलं असेल.

डॉक्टरांना दाखवायला कार्ड लागेल, म्हणून मी मागितलं. आई म्हणाली, ‘पुढच्या बाजूचा फोटो काढून ने. मागची बाजू माझ्याकडे राहू दे.’